राष्ट्रपती चाचींची सही

गेल्या महिन्यातला पहिला रविवार, रक्कम रुपये पन्नास, हजर मी, शेजारचे रशीदचाचा आणि चाची. मंत्रिमंडळाच्या कागदावर चाची एका मिनिटात सही करतील, ही माझी पैज. चाचा म्हणाले, "वेळ लागी."

तळोद्यात चाचांची आणि माझी भिंत एक आहे. चाचा शिंपी. गेलं वर्षभर ते घर मंत्रिमंडळावर चालवतात. स्वतः पंतप्रधान, चाची राष्ट्रपती, आणि चाचींची विसरवाडीची मोठी बहीण, आपा, म्हणजे पक्ष. घरात माणसं तीन, पण दर रविवारी खातेबदल. या वेळी पाणीखातं युनूसकडून काढायचं होतं. युनूस चाचींचा धाकटा भाऊ. तो मोटर लावून झोपतो आणि टाकीचं पाणी माझ्या ओट्यावर येतं. माझी तक्रार लेखी होती, वाया गेलेल्या लिटरांसह.

"काढून टाका की. पंतप्रधान तुम्ही," मी म्हणालो.

"मन्हा हातमा काय शे, भाऊसाहेब? नाव पक्ष देस, यादी मी करस, सही तिनी लागस."

तेवढ्यात आपांचा फोन आलाच. युनूसला काढलं तर त्या ईदला येणार नव्हत्या. तडजोड झाली. युनूसला भाजीखातं, पाणी चाचांकडे.

"राहिली सही," मी म्हणालो. "ती काय, नुसता शिक्का." नागरिकशास्त्रात मला शंभरपैकी ब्याऐंशी होते, तेही सांगून टाकलं.

मी घड्याळ लावलं. चाचींनी चष्मा पुसला. "वाचाशिवाय सही करत नही मी." पाच मिनिटं गेली. काय बाणेदार राष्ट्रपती, असं मला वाटलं. दहाव्या मिनिटाला त्यांनी पेन धरलं आणि ते बोटांतून सुटलं. चाचांनी उचलून दिलं नाही. चाचींनीच उचललं. बाविसाव्या मिनिटाला 'फातिमा' पूर्ण झालं. शेवटचा 'मा' ओळीखाली उतरला होता.

चाचींना लकवा होऊन वर्ष झालं. त्या दिवशी रिक्षा मीच बोलावली होती. या सरकारचं वयही तेवढंच, ही बेरीज मात्र मी कधी केली नव्हती.

चाची पाणी प्यायला आत गेल्या तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "डॉक्टर बोलना, रोज लिखाले लावा. पाटी दिधी ते फेकी दिन्ही. मी काय पोर शे का, म्हणे. मंग राष्ट्रपती करी टाकी."

पैजेचे पन्नास चाचा घेईनात. तिजोरी राष्ट्रपतींकडे असते, म्हणाले. मग मी ते चाचींच्या हातात दिले आणि पावती मागितली. पूर्ण नाव लिहा म्हटलं, वडिलांच्या नावासकट. आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं.