एक आण्याच्या तिकिटाची मोहीम, अर्थात लंडन-नाशिक बखेड्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे तेरा, प्रजापतिनाम संवत्सरे, आश्विनमासी, सरकार आदिलाबाद जिल्हा, येथे जो थोर बखेडा माजला आणि जो निवळला, त्याची खरी हकीकत दहा तोंडी दहा तऱ्हेची ऐकू येऊ लागली, मग जाणत्या मंडळींनी मसलत करून सेवकास आज्ञा केली की पदरचे न घालता आणि कोणाची भीड न धरता जैसे घडले तैसे लिहिणे. ती आज्ञा शिरसावंद्य मानून लिहिले आहे. भीड धरिली नाही. पदरचे थोडे पडले असल्यास वाचणारांनी माफी करावी.

बेला म्हणोन मुलूख वऱ्हाडच्या सरहद्दीस लागून आहे. तेथे राजमान्य राजश्री उद्धवराव, बीबियाणे आणि किराणा यांचे दुकानदार, नांदत होते. इकडे भैंशास अखंडितलक्ष्मीअलंकृत सुधाकरराव, कपाशीचे अडतदार, यांचा अंमल होता. उभयतांस जुनी टपाल-तिकिटे जमविण्याचा एकच नाद, आणि त्या नादापायीच ओळख वाढली, मग ओळखीची सोयरीक जाहली, आणि उद्धवरावांची कन्या आशाबाई ही सुधाकररावांची सून होऊन वैशाखात भैंशास दाखल जाहली. तिचे खाविंद चंपतराव जिनिंगात रुईच्या गाठी बांधविण्याचे कामी होते. पुढील संपूर्ण मोहिमेत त्यांनी जी तटस्थता राखिली, ती मोठमोठ्या दरबारांसही साधली नसती.

तर व्याहीभेटीचे समयी उद्धवरावांनी टोपी-उपरण्यासोबत एक चीज नजर केली. ती कोणती म्हणाल, तर पंचम जॉर्ज पातशहाचे एक आण्याचे तिकीट, काकवीच्या रंगाचे, कोरे, पाठीस डिंक शाबूत, आणि वर भर मांडवात जाहीर केले की ही खास लंडनची छपाई आहे. सुधाकररावांचे डोळे पाणावले. वऱ्हाडी मंडळींस वाटले, सून मिळाली म्हणोन पाणावले.

आता या तिकिटाचे मर्म ऐकावे. हेच तिकीट, हाच पातशहा, हीच दाढी, आधी लंडनास छापीत आणि मागाहून नाशकास छापू लागले. वरून पाहता भेद कळत नाही. भेद कागदाचे पोटात. लंडनच्या कागदात एका तिकिटामागे एकच तारा दडविलेला, आणि नाशिकच्या कागदात बारीक ताऱ्यांची दाटी. यास जलचिन्ह म्हणतात. एक तारा तर लंडन, पुष्कळ तारे तर नाशिक, एवढाच काय तो फरक. एवढ्यावर दोन घरे फिरली.

मग श्रावण सरता सरता सुधाकररावांचे मनात किंतु आला. कागद अंमळ जाड वाटला, आणि कोठल्याशा पुस्तकात 'जलचिन्ह' हा शब्द त्यांच्या नजरेस पडला, आणि जल म्हणजे पाणी हे ज्ञान त्यांस उपजतच होते, म्हणोन त्यांनी परात मागविली, पाणी भरविले, आणि पातशहास त्यात बुडविले. खरे पाहता हे चिन्ह पाण्यात नव्हे, काळ्या वाटीत बेंझिनचे थेंब टाकिले असता दिसते. परंतु शब्दाने फसविले. सुधाकरराव परातीवर डोळे लावून बसले, आणि तारा उगवेना, आणि डिंक मात्र सुटू लागला. इतक्यात त्यांचे कुटुंब वच्छलाबाई कणीक मळण्यास परात नेण्याकरिता आल्या, आणि त्यांनी विचारिले ते येणेप्रमाणे:

"तिकीट हाय का साबुदाणा हाय? काऊन भिजवून राह्यले?"

डिंक गेला. कोरेपणाची आब गेली. या पहिल्या लढाईत जी नामुष्की पदरी आली, तिचे खापर सुधाकररावांनी पाण्यावर न फोडिता नाशकावर फोडिले. फर्मावले की लंडनचा डिंक असा पहिल्या बुडीत जाताच ना, सबब तिकीट नाशिकचेच, सबब व्याह्याने भर मांडवात ठकविले. मग कपाशीचे गाडीवानाहाती बेल्यास निरोप गेला: "तुमी आमाले लंडन म्हणून नाशिक देल्लं." उलट गाडीस जाब आला: "पोरगी देल्ली ते बी नाशिकचीच वाटते काय, इवाईबुवा?"

येथून बखेडा पेटला. सुधाकररावांनी हुकूम काढिला की लंडन शाबीत होई तोवर बेल्याचा मुऱ्हाळी सुनेस माहेरी न्यावयास आमच्या उंबऱ्यात येऊ नये. उद्धवरावांनी पण केला की शब्द माघारी घेई तोवर भैंशाचे पाणी पिणार नाही. आणि या दोन हुकमांचे कैचीत सापडली ती आशाबाई. पोळ्यास माहेर नाही. महालक्ष्म्यांस नाही. आता तर लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. आईने अंगणात ओटा नवा घातल्याचे, काळी गाय व्याल्याचे गाडीवान सांगे, आणि ती ऐकून घेई, आणि पत्र्याची पेटी भरून ठेवी, आणि लागेल ती वस्तू काढण्याकरिता पुन्हा उपशी, आणि पुन्हा भरी. रडण्याची तिची चाल नव्हती. मसलतीची होती.

तिने सासूचे कानी घातले की भांडणाचा निवाडा तिऱ्हाईताकडून व्हावा. वच्छलाबाईंनी तीच गोष्ट आपली म्हणोन यजमानांपुढे मांडिली. निर्मळास गंगन्ना गारू, गारू म्हणजे आपल्याकडील राव, म्हणोन टपाल खात्यातून निवृत्त जाहलेले गृहस्थ, तिकिटांचे कामी त्यांचा शब्द उभयतांस मान्य. त्यांची तेलुगू जबान आणि तोंडात सदा तंबाखूचे पान, म्हणोन बोलणे अत्यंत मोजके. मग तह ठरला तो ऐसा. गारूंनी तिकीट पाहावे आणि दिसेल तेवढेच सांगावे. लंडन ठरल्यास सुधाकररावांनी सर्वांदेखत माफी मागून सुनेस स्वहस्ते गाडीवर बसवावे. नाशिक ठरल्यास उद्धवरावांनी लेकीस न घेता आल्या पावली परतावे, आणि दिवाळी ज्याची त्याने आपल्या घरी करावी. दोहोंकडून 'हो' गेले. आशाबाईस कोणी विचारिले नाही.

ठरल्या दिवशी उद्धवराव खासा राजदूत फटफटीवर स्वार होऊन भैंशास आले, आणि पाणी न पिण्याचा पण असल्याने सोड्याची बाटली बरोबर घेऊन आले, आणि उंबऱ्याबाहेर बाज टाकून बसले.

"आत या ना जी," वच्छलाबाई म्हणाल्या, "मनाई उंबऱ्याची हाय, वसरीची नाई."

"लंडन आल्यावर येतो," उद्धवराव म्हणाले.

"लंडन पाह्यलं काय कधी?" आतून सुधाकरराव.

"तुमी नाशिक तरी पाह्यलं काय?"

कोणीच काही पाहिले नव्हते.

दुपारी गारू बसमधून उतरले आणि तीच बस माघारी निर्मळास जाणार म्हणोन उभ्या उभ्याच कामास लागले. खिशातून काळी वाटी काढिली, पातशहास पालथे घातले, आणि कुपीतून बेंझिनचे थेंब सोडिले. उभय व्याही पुढे वाकले, आणि दोघांचेही चष्मे कपाळावर, आणि ते डोळ्यांवर उतरविता उतरविता बेंझिन उडून गेले. पाहिले ते एकट्या गारूंनी, आणि चहा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या आशाबाईने. नाक्यावर बस भोंगा देऊ लागली. गारूंनी पान एका गालात सारिले आणि निवाडा उच्चारिला:

"अन्नी चुक्कले."

अन्नी म्हणजे सगळे, हे बाजारामुळे या मुलुखात पोराटोरांस ठाऊक. आणि चुकले म्हणजे चुकले, हे तर मायबोलीतच. सगळे चुकले! लंडनवाला चुकला आणि नाशिकवालाही चुकला! उद्धवरावांचा चेहरा उतरला, मग सुधाकररावांचा उतरलेला पाहून थोडा वर आला.

आता बखरकारास खरे लिहिणे प्राप्त आहे. तेलुगू जबानीत चुक्क म्हणजे तारा. गारू म्हणाले ते इतकेच की सगळे तारेच तारे आहेत. म्हणजे नाशिक. निखालस नाशिक. आणि हे त्या घरात एकाच माणसास समजले, कारण आशाबाईने आदिलाबादेस मावशीकडे राहून तेलुगूतून दहावी केली होती. सुधाकरराव तिजकडे वळले, कारण त्यांची तेलुगू दर विचारण्यापुरती.

आशाबाईने चहाची कपबशी खाली ठेविली, पदर सारखा केला, आणि गारूंस त्यांच्याच जबानीत अदबीने पुशिले, "अन्नी चुक्कलेना, गारू?"

"अवुनु, अन्नी चुक्कले," गारू होकार देत म्हणाले, आणि कुपी खिशात घालून बसकडे चालू लागले.

"काय म्हणून राह्यले, सूनबाई? सगळेच चुकले म्हणतात का?"

"तुमच्यासमोरच पुन्हा विचारलं, मामाजी. तुमी आयकलं तेच म्हणाले."

या जबाबात असत्याचा एक हर्फ नव्हता.

मग उभय सरदार बराच वेळ काळ्या गाईसारखे रवंथ करीत बसले. लंडन नाही, नाशिकही नाही, तर पातशहा छापिला कोठे? अखेर उद्धवराव म्हणाले, "मंग कलकत्ता आसंन." सुधाकररावांनी विचार केला आणि फर्मावले, "कलकत्ता आसू शकते." आणि ज्या दोघांचे श्रावणापासून एका ताऱ्यावर पटले नव्हते, त्यांचे ज्या गावी तिकीट छापिलेच नाही त्या गावावर तत्क्षणी पटले. सुधाकररावांनी शब्द माघारी घेतला, उद्धवरावांनी सोडा सांडून भैंशाचे पाणी घेतले. वच्छलाबाईंनी लाडवांचा डबा बांधिला.

परंतु कलकत्त्याचे तारे कैसे असतात हे पाहण्याची सुधाकररावांस अनावर उत्कंठा जाहली. म्हणाले, फटफटीच्या टाकीतले दोन थेंब काढू, बेंझिनच्या ऐवजी तेच चालते, आणि वाटी आणावयास आत गेले. ते बाहेर येतात तो आशाबाई पेटी मांडीवर घेऊन राजदूतवर मागे बसलेली.

"मामाजी, पेट्रोल बेल्यापुरतंच हाय," ती म्हणाली. "बाबा, मारा किक."

येणेप्रमाणे मोहीम आशाबाईंनी फत्ते केली. लंडनचा मोड जाहला, नाशिक जिंकूनही हरले, कलकत्त्यास फुकाची जहागीर मिळाली. सुधाकररावांच्या वहीत ते तिकीट 'कलकत्ता छपाई, अति दुर्मीळ' म्हणोन मानाने चिकटले आहे, आणि पाठीस डिंक नसल्याने भाताच्या शिताने चिकटविले आहे. दिवाळी बेल्यास जाहली. जावई चंपतराव मागाहून बसने गेले, आणि तेथेही कोणाचाच पक्ष न घेता भरपूर जेवले. रुजू असे.