डब्याखालची पट्टी

बसा असे, टेकून. डबे उघडा. एका पट्टीनं दोन माणसांना कसा घाम फोडला ते सांगतो.

आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या भट्टीत भाजतात. भाजणारा जावई, मुकादम त्याचा सासरा. आता धातूच्या पोटात दाणे असतात, साखरेसारखे. दाणा बारीक राहिला तर तापवून ओढलेली पट्टी लांबत जाते. भाजणं जास्त झालं की दाणा फुगतो, अन् पट्टी लांबायच्या आधीच तुटते.

त्या दिवशी गिऱ्हाइकाकडच्या तपासनीस बाई आल्या होत्या. पट्टी दुप्पट लांबली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. सासऱ्यानं सकाळीच बजावलं होतं, "जावईबापू, आज तुटली तर उद्यापासून घरी बसा. अन् माझ्या घरी नाही, तुमच्या!"

घाबरलेल्या माणसाला भूक फार. जावई रोज आपला डबा भट्टीच्या दाराशी गरम करायचा. आज दाराशी ठेवला तर बाईंना दिसेल, म्हणून त्यानं तो पार मागं ढकलला. डबा एका पट्टीवर चढला आणि उष्णता मोजणाऱ्या तारेला जाऊन टेकला. डबा गार, म्हणून तार गार. भट्टीला वाटलं, आपण अजून थंडच आहोत. ती पेटतच राहिली. काट्यावर आकडा बरोबर, आत वणवा!

पहिली पट्टी ओढायच्या यंत्राला लावली. टक्! दुसरी. टक्!

बाईंनी तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं. "दाणा बघा केवढा झालाय. भट्टी जास्त तापली."

"काटा बघा ना मॅडम, एक अंश इकडं-तिकडं नाही!" सासरा म्हणाला.

"मग हा जळका वास कसला?"

"माझ्या नशिबाचा," जावई पुटपुटला.

सासऱ्यानं चिमट्यानं आतून काळाठिक्कर डबा ओढला. "हे काय?"

"डबा, मामा."

"माझ्या लेकीनं पहाटे उठून केलेला?"

डब्याच्या बुडाला एक पट्टी चिकटून आली होती. बाई म्हणाल्या, "तेवढी राहिलीय ना? लावा."

यंत्र फिरलं. कुणी पापणी हलवेना. सव्वापट. दीडपट. सासऱ्यानं जावयाचा दंड असा आवळला की तोच लांबतोय की काय! पावणेदोन... दुप्पट! अन् पट्टी आपली लांबतेच आहे. डब्याच्या आडोशाला ती बरोबर बेताची भाजली होती.

"अश्शी पाहिजे," बाई म्हणाल्या. "कशी भाजली ते लिहून द्या. वर्षभर तशीच भाजायची, काडीचा फरक नको."

सासऱ्यानं जावयाकडं एकदा बघितलं अन् कागदावर लिहिलं : पट्टीवर भरलेला डबा ठेवणे. मग जरा थांबून पुढं जोडलं : भाजणाऱ्याचाच.

तेव्हापासून रोज दुपारी त्याचा डबा भट्टीत जळतो अन् तो असा दारोदार. तो बघा, आलाच. दोन घास द्या बिचाऱ्याला. पण "तुमचा डबा गरम करून आणतो" म्हणाला ना, तर तेवढा हातातून सोडू नका.