सुतकातला संगणक

आमच्या शाळेच्या कार्यालयातल्या संगणकाला मंगळवारी सकाळी सुतक लागलं आणि तो सुरू होईनासा झाला.

हे अर्थात मला बुधवारी कळलं. मंगळवारी मी आपली नेहमीची कारणं शोधत बसले. मी कुंदा वाघचौरे, या शाळेची वरिष्ठ लिपिक. सोळा वर्षं हा संगणक माझ्या चार्जमध्ये आहे, त्याच्या खोडी मला तोंडपाठ. बोर्डावरचं बटण दोनदा खालीवर केलं. त्याच पॉइंटला मोबाइल लावून बघितला, तो मुकाट्यानं चार्ज व्हायला लागला. वायर बदलली. मग कॅबिनेटच्या बगलेत एक धपाटा घातला, एरवी तेवढ्यावर भागतं. पण पंखा नाही, दिवा नाही, साधं हूं की चूं नाही.

आणि नेमकी त्याच दिवशी मोहिनी खरमाटे दारात उभी. आमचीच जुनी विद्यार्थिनी. जिल्ह्याच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या यादीत तिचा नंबर लागला होता. शाळा सोडल्याचा दाखला पुरात गेलेला, त्याची दुसरी प्रत तिला गुरुवारी पाचच्या आत कॉलेजात द्यायची होती. नाही दिली तर जागा खालच्या मुलीला.

"पुढच्या वर्षी बघू असं घरी चालायचं नाही, बाई," ती म्हणाली. "स्थळं बघायला घेतलीत. कॉलेज लागलं तरच थांबतो म्हणालेत अण्णा."

तुम्ही म्हणाल, रजिस्टर बघून हातानं लिहून द्या की. अहो, तिच्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. पुठ्ठा तेवढा शिल्लक आहे. नोंद राहिली ती या संगणकाच्या पोटात, आणि तो तर गप्प. मी तिला उद्या ये म्हणाले आणि दुरुस्तीवाल्या इरफान तांबोळींना फोन केला.

तांबोळी बुधवारी अकराला आले. भला माणूस, उगाच पार्ट बदलत नाही. त्यांनी कॅबिनेट उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली, रॅम काढून खोडरबरनं घासून परत बसवली, आतला बटणासारखा सेल बदलला. मग वीजपुरवठ्याचा डबा वेगळा करून त्याच्या हिरव्या आणि काळ्या वायरीत यू-पिन घातली. डब्याचा पंखा गरगरा फिरला. सगळं पुन्हा जोडलं, तर मुख्य पाटीवरचा बारका दिवा लागला. बटणाच्या दोन काड्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. संगणक ढिम्म.

तांबोळींनी स्क्रूड्रायव्हर खिशाला लावला आणि खुर्ची ओढून बसले.

"बाई, घरात काही झालंय का?"

"कुणाच्या घरात?"

"याच्या."

मी म्हटलं, प्रिंटर गेला. म्हणजे शनिवारी समितीनं त्याचं निर्लेखन केलं. चार सह्या झाल्या आणि भंगारवाल्यानं तो नेला. सोमवारी स्थानिक सुट्टी होती. मंगळवारी मी संगणक लावला आणि सवयीनं जुन्या प्रिंटरलाच छापायला सांगितलं. पडद्यावर आलं, प्रिंटर सापडत नाही. दोन मिनिटांनी हा बंद पडला.

"याला सांगितलं नव्हतं?"

"नाही."

"सगळे पार्ट ठीक आहेत," तांबोळी म्हणाले. "याला सुतक आहे."

मला स्वतःचाच राग आला. निर्लेखनाची नोटीस मी शिपायाला दाखवली, ग्रंथपालांना दाखवली, सूचना फलकावर लावली. सोळा वर्षं शेजारी बसलेल्याला तेवढी दाखवली नाही. हे माझं चुकलंच.

डिस्क काढून तुमच्या दुकानातल्या संगणकाला लावता येईल का, असं मी विचारलं. तांबोळींनी कानाला हात लावले. सुतक डिस्कबरोबर येतं, म्हणाले, दुकानातली चारही मशिनं बसतील.

प्रकरण मुख्याध्यापकांकडे गेलं. घैसास सर संस्कृत शिकवतात आणि हसत नाहीत. त्यांनी दोन्ही यंत्रांची खरेदीची कागदपत्रं मागवली. एकच कंपनी, एकच दिवस, एकच टेंपो.

"सपिंड आहेत, एकाच कुळातले," सर म्हणाले. "पूर्ण दहा दिवस."

"पण कळलं मंगळवारी, सर."

"कळलं कधीही, दहा दिवसांच्या आत कळलं तर मोजायचं मृत्यूपासून. शनिवार धरून दहा. पुढच्या सोमवारी फिटेल."

"मोहिनीला उद्या पाचच्या आत दाखला हवाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मला उद्या लवकर या म्हणाले आणि ग्रंथ घेऊन घरी गेले.

गुरुवारी मी दहाला पोचले तर मोहिनी आधीच व्हरांड्यात. हातात पिशवी, पिशवीत कपडे. निघायच्या तयारीनंच आली होती बिचारी. सर आले आणि त्यांनी मला दार लोटायला सांगितलं.

"एक मार्ग आहे. दत्तक गेलेल्याला मूळ घराण्यातल्या मृत्यूचं सुतक तीनच दिवस असतं. शनिवार, रविवार, सोमवार. म्हणजे हा आज दत्तक गेला, तर याचं सुतक फिटलेलं आहे."

"दत्तक कुणाकडे?"

"रस्त्यापलीकडे. तांबट बाईंकडे."

सुहासिनी तांबट म्हणजे कन्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेला योजनेतून प्रिंटर मिळाला होता, संगणक मिळालाच नव्हता. नऊ वर्षं त्या अर्ज करत होत्या. जिथं तिथं नवस बोलून झाले होते. सरांनी त्यांना विचारूनही ठेवलं होतं.

खोटं कशाला बोलू? मी अडवून बघितलं. म्हटलं, सर, एकुलता एक देत नाहीत.

"बरोबर. थोरलाही देत नाहीत," सर म्हणाले. "कार्यालयात दुसरं काही नाही?"

मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण दाराच्या फटीतून मोहिनीचा पाय दिसत होता, सारखा हलत होता. मग मीच सांगितलं की माळ्यावर मराठी टंकलेखन यंत्र आहे, चालतं, फक्त त्याचा ळ उठत नाही. सर स्टूल लावून स्वतः वर चढले. चार अक्षरं दाबून बघितली आणि खाली उतरले.

"ते थोरलं. हा धाकटा. धाकटा देता येतो."

दुपारी अडीचला विधी झाला. तांबट बाई नवी साडी नेसून आल्या होत्या आणि संगणकासाठी टॉवेल आणला होता. हस्तांतराचा अर्ज तीन प्रतींत भरला. कॅबिनेट पाटावर ठेवलं. पाणी सोडायचं ते ताम्हनात, मशीनवर नाही, हे तांबोळींनी दोनदा बजावलं.

"चार्ज कुणाकडे आहे, त्यांनी दिला म्हणायचं," सर म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, थांबा, धूळ राहिलीय. पदरानं मागची जाळी पुसली. एका कोपऱ्यात मीच कधीतरी चिकटवलेली मुलीची टिकली होती, ती खरवडून काढली. घड्याळात तीन वाजत आले. मोहिनी ओठ चावत उभी होती. माझ्या मुलीला मी अठराव्या वर्षी सासरी पाठवली, तीसुद्धा अशीच उभी होती.

"दिला," मी म्हटलं.

"घेतला," तांबट बाई म्हणाल्या. मग रीतीप्रमाणे वाकून त्यांनी त्याचं मस्तक हुंगलं. त्यांना दोन शिंका आल्या. तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आलेलेही मी बघितले, आणि मला त्या बाईचा राग धरता येईना.

तांबोळींनी कॅबिनेट उचलून रस्ता ओलांडला, मागून मी त्याचा पडदा घेऊन गेले. कन्या शाळेत टेबल पुसून, वर हार घालून ठेवलं होतं. वायरी जोडल्या. तांबट बाईंनी बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्यात पंखा फिरला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी सवयीनं खुर्चीत बसले आणि माझा पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं आलं. मी पुन्हा टाकला, एकेक अक्षर बघून. चुकीचा. तिसऱ्यांदाही तेच.

"बाई, जरा," तांबट बाई संकोचून म्हणाल्या.

मी उठले. त्यांनी एका बोटानं आपल्या शाळेचं नाव लिहिलं आणि संगणक उघडला. खरमाटे मोहिनी दत्तू, जन्मतारीख, जात, शेरा, सगळं जिथल्या तिथं होतं. दाखला छापून आला. घैसास सरांनी सही केली, मी आमचा गोल शिक्का मारला. मोहिनी शाई वाळेपर्यंतसुद्धा थांबली नाही. माझ्या पाया पडली, तशीच पळत सुटली, आणि साडेतीनची एसटी तिनं हात दाखवून रस्त्यातच पकडली.

पावणेपाचला तिचा फोन आला. "झालं, बाई. घेतलं मला." मागे कुणीतरी पुढचं नाव पुकारत होतं. मला इतका आनंद झाला की मी रिकाम्या टेबलालाच सांगितलं.

आता जुन्या मुलांची नोंद लागली की मी कन्या शाळेला रीतसर अर्ज करते. टंकलेखन यंत्रावर करते, ळ हातानं काढते. तांबट बाई दोन दिवसांत उत्तर देतात, तक्रारीला जागा नाही. त्यांच्या नमुन्यात अर्जदाराचं यंत्राशी नातं लिहायचा एक रकाना आहे. पहिल्या वेळी मी तिथं बराच वेळ थांबले. मग 'नाही' असं लिहिलं, खाली सही केली आणि अर्ज शिपायाबरोबर पाठवून दिला.