अडतीस बॅटऱ्यांची खंडेनवमी

२०२३ साली वसुधाताई शहात्तर वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या स्मरणशक्तीला जर्मनीतल्या अख्ख्या ब्राउनश्वाइग शहरात तोड नव्हती. असं त्या स्वतःच सांगत! १९६८ साली सांगलीत मावसबहिणीच्या लग्नात कोणत्या व्याह्याने किती जिलब्या खाल्ल्या, हे त्या नावानिशी सांगत. व्याही बिचारे स्वर्गवासी झाले, जिलब्या मात्र अजून मोजल्या जात होत्या.

त्याच वर्षी त्यांच्या यशोधनने चांगली नोकरी सोडली आणि धंदा काढला. सौर बॅटऱ्यांची दुरुस्ती आणि देखभाल, बाराही महिने!

"बारा महिने? अरे, इथे ऊन पडतं चार महिने!" वसुधाताई म्हणाल्या.

"म्हणूनच तर, आई! ऊन नसतं तेव्हाच बॅटऱ्या मरतात."

शहराच्या कडेला भाड्याच्या छोट्या बागांची एक वसाहत होती. प्रत्येक बागेत एक लाकडी खोपटं, त्याच्या छपरावर सोलर पॅनेल आणि आत एक जुनी, जड, ॲसिडची बॅटरी. हिवाळ्यात माळी मंडळी घरी जाऊन शेगडीपाशी बसत आणि बॅटऱ्या थंडीत कुडकुडून प्राण सोडत. यशोधनने सुचवलं, ऑक्टोबरमध्ये बॅटऱ्या मी नेतो, गराजमध्ये सांभाळतो, दुरुस्त करतो, मार्चमध्ये ठणठणीत परत देतो. उन्हाळ्यात दर महिन्याला फेरी मारतो.

वसाहतीचे अध्यक्ष हेर लोमान. उंचीला विजेचा खांब आणि चेहऱ्यावर भावही तितकेच. ते म्हणाले, "आल्झो, म्हणजे बरं तर, एक हिवाळा बघू. मार्चच्या सभेत मतदान घेऊ. पसंत पडलं तर कायमचा करार."

त्या एका मतदानावर यशोधनचा सगळा धंदा टांगलेला होता.

अडतीस बॅटऱ्या आल्या. त्या देताना एकेक मालक गराजच्या दारात आला आणि वसुधाताईंच्या हातचा आल्याचा चहा पिऊन गेला. यशोधनने प्रत्येक बॅटरीवर एक स्टिकर चिकटवला. त्यावर नाव नव्हतं, नुसता काळापांढरा चौकोन. मोबाइल धरला की मालकाचं नाव दिसायचं.

"नाव सरळ पेनाने का नाही लिहीत?" वसुधाताईंनी विचारलं.

"आई, ही सिस्टीम आहे. आणि एक लक्षात ठेव, बॅटरी तिरकी करायची नाही. ॲसिड सांडतं!"

"मला शिकवतोस? तुझ्या वडिलांचं बॅटरीचं दुकान मी तीस वर्षं पाहिलंय!"

ते खरंच होतं. आणि घोळ तिथूनच सुरू झाला. कारण त्यांच्या यजमानांच्या, विलासरावांच्या दुकानात दर खंडेनवमीला सगळ्या बॅटऱ्या पुसून-लखलखून हळदकुंकू वाहिलं जाई. खंडेनवमी आली तेव्हा यशोधन फ्रँकफर्टला गेला होता आणि सून मैथिली ऑफिसात. वसुधाताईंनी गराज उघडलं आणि त्या हबकल्याच! लेकाच्या लक्ष्मीच्या अंगावर हे असले मळकट कागद!

त्यांनी पदर खोचला. गरम पाणी, जुनी बनियन, चिकटपणाला खोबरेल तेल. संध्याकाळपर्यंत अडतीसच्या अडतीस बॅटऱ्या नव्या नवरीसारख्या चमकत होत्या. प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर एक शेवंती. काढलेले स्टिकर त्यांनी नियमाप्रमाणे कागदाच्या निळ्या डब्यात टाकले. जर्मनीत राहायचं तर कचरा नीट वेगळा करायलाच हवा!

दसऱ्याच्या सकाळी ठीक सात वाजता गाडी येऊन तो डबा रिकामा करून गेली. ठीक दहा वाजता यशोधन गराजमध्ये मोबाइल घेऊन उभा होता.

"आई! स्टिकर?"

"काढले. पूजेला कुणी कागद चिकटवून बसतं का?"

मैथिली धावत आली. तिने पाहिलं, ओळखलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "यादी असेल ना कुठेतरी?"

"मालकांची आहे, गं! पण कोणती बॅटरी कुणाची हे फक्त स्टिकरवर होतं!"

"रडतोस काय?" वसुधाताई म्हणाल्या. "मी सगळ्यांना चहा दिलाय. कोण कुठली घेऊन आला, मला तोंडपाठ आहे. मैथिली, लिहून घे! ही निळी दोरी बांधलेली फ्राउ विंकलरची, बाबागाडीत घालून आणली होती तिने. ही थोडी फुगलेली, ती त्या ढेरपोट्याची. ही गप्प बसलीय ना? ही लोमानांची."

"आई, बॅटऱ्या सगळ्याच गप्प बसतात," मैथिली म्हणाली.

"अशी नाही बसत!"

दुसरा इलाजच नव्हता. अडतीस नावं लिहिली, या वेळी पेनाने. पाच महिने यशोधन झोपेत बॅटऱ्या मोजायचा. वसुधाताईंना मात्र गाढ झोप लागायची.

मार्चमधल्या एका शनिवारी टेम्पो वसाहतीत पोचला. मतदान दुपारी होतं. फ्राउ विंकलर आपली बॅटरी बघून हरखली. "किती स्वच्छ! आणि हा लाल ठिपका कसला?"

"तपासणीची खूण," यशोधन घाम पुसत म्हणाला. पूजेच्या दिवशी लागलेलं कुंकू तेलात असं मुरलं होतं की पाच महिने हललं नव्हतं.

मग लोमान आले. त्यांनी आपली बॅटरी दोन बाकांमधल्या फटीवर सरळ ठेवली, चष्मा लावला, गुडघ्यांवर बसले आणि खालून बघू लागले. बराच वेळ बघत होते.

"ही माझी नाही."

यशोधनचा चेहरा दह्यासारखा झाला. तेवढ्यात वसुधाताई पुढे झाल्या. "मैथिली, सांग त्यांना. माझ्या लेकाचा दोष नाही. खुणा मी पुसल्या आणि नावंही मीच सांगितली. काय बोलायचं ते मला बोला."

मैथिलीने सगळं सांगितलं. खंडेनवमी, खोबरेल तेल, निळा डबा.

"पण प्रत्येक बॅटरीच्या तळाला बागेचा क्रमांक कोरलेला आहे," लोमान म्हणाले. "चोऱ्या झाल्या, तेव्हापासून. मला विचारलं का नाही?"

पाच महिने! उत्तर बुडाखाली होतं आणि तिरकी करायची नाही म्हणून कुणी वाकून पाहिलं नव्हतं!

अर्धा तास माळी मंडळी रांगेने बाकांखाली वाकत होती. बॅटऱ्यांची अदलाबदल झाली. जोडून पाहिल्या तर प्रत्येक खोपट्यात लख्ख दिवा लागला, अगदी लोमानांकडेही, जिथे सहा वर्षं लागला नव्हता. दुपारी मतदान झालं. विरोधात एकच हात, तोही ढेरपोट्याचा. फुगलेली बॅटरी आधी आपल्याच माथी मारलीत कशी, असं त्याचं म्हणणं होतं.

आता यशोधनकडे चार वसाहती आहेत आणि करारात एक वेगळं कलम आहे, "ऑक्टोबरमधील स्वच्छता व लाल ठिपका". एका वर्षी एका बॅटरीवर ठिपका लावायचा राहिला तर फ्राउ विंकलरने लेखी तक्रार केली होती. मैथिलीने नोकरी सोडून हिशेब सांभाळायला घेतलेत. नावं ती पेनाने लिहिते. लोमान दर खंडेनवमीला बरोबर दहाला येतात, शेवंत्या आणतात आणि गप्प बसून चहा पितात.

आणि वसुधाताई? त्या दिवशी अडतीसपैकी त्यांनी एकच बॅटरी बरोबर ओळखली होती, निळ्या दोरीची. पण परवा फोनवर सांगलीच्या मावसबहिणीला, सुरेखाला त्या ठासून सांगत होत्या, "अगं, अडतीस होत्या! सदतीस बरोबर ओळखल्या मी. एकच चुकली. माझ्या लख्ख लक्षात आहे!"