मधल्या दुभाष्याची निवड

पालघरच्या एका लसीकरण नोंद कक्षात डेटाबेसशी थेट बोलण्यास मनाई झाली, तेव्हा हिमानीला ते योग्यच वाटले. आजवर ती एक ओळ लिहून हवी ती नोंद काढत असे. ही पद्धत फार लवकर उत्तर देई, म्हणून विश्वासार्ह मानली जात नव्हती. यापुढे प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये ओआरएम नावाचा दुभाषा असणार होता. कोणता, ते समिती ठरवणार होती.

सोमवारी नवसी आली. कडेवर मुलगी. लसीचे कार्ड शेळीने खाल्ले होते, आणि कार्डाशिवाय सुई नाही असा नियम होता.

"बाय, पोरीचा कागद काढून दे नं. शनवारी आमी वीटभट्टीवर चाललू."

"नोंद आत आहे, ताई. पण कोणामार्फत विचारायचं, ते ठरायचंय."

"आत हाय ना? मंग तूच विचार."

हिमानीने तिला परिपत्रक दाखवले. नवसीला वाचता येत नसल्याने तिचे समाधान झाले नाही.

समितीत विनोदला हायबरनेट नावाचा दुभाषा हवा होता, कारण तो जुना. चिरागला प्रिझ्मा, कारण तो नवा. अध्यक्ष पुंडलिकसाहेबांची अट एकच होती.

"उद्या डेटाबेस बदलला तरी प्रोग्राम बदलावा लागू नये."

"साहेब, डेटाबेस कोण बदलतंय?" हिमानीने विचारले.

"कोणी नाही. म्हणूनच तयारी हवी."

बुधवारी दोन्ही दुभाषे मंजूर झाले. त्यांच्यात वाद नको म्हणून वर तिसरा नेमला. गुरुवारी वरिष्ठ कार्यालयातून विचारणा आली: बदल पेलण्याची क्षमता सिद्ध झाली आहे काय? ती सिद्ध करायला बदल हवा. शुक्रवारी डेटाबेस बदलला. चाचणी पूर्ण यशस्वी झाली. प्रोग्रामला धक्काही लागला नाही.

शनिवारी हिमानीने मुलीचे नाव टाकले. तिन्ही दुभाष्यांनी सौजन्याने कळवले, की असे मूल नाही.

"साहेब, जुन्या नोंदी नव्या डेटाबेसात आणल्या नाहीत?"

"त्या समितीच्या कार्यकक्षेत नव्हत्या."

बाहेर भट्टीचा टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"नाय म्हंते का तो?" नवसीने विचारले.

"नाही म्हणतो."

"मंग ही कोण हाय?" तिने मुलीला पुढे केले. मग तिला कडेवर घेऊन सुईविनाच टेम्पोत चढली.

जुन्या नोंदी वगळण्याची सूचना लसीकरणाचे पोर्टल उघडणाऱ्या प्रत्येकाला रीतसर दाखवली होती. एकही हरकत आली नाही. सर्वांनी चौकोनात खूण केली: 'वाचले, समजले, मान्य आहे.' खूण करणाऱ्यांची ही यादी नव्या डेटाबेसात शाबूत आहे. तुमचे नाव लगेच सापडते.