मास्तरांच्या मापाची पायरी

सगळ्या वस्तीची सुटलेली पोटं ज्याने आपल्या कात्रीने बेमालूम झाकली, त्याला गाडीच्या पायरीचं माप दुसऱ्याने सांगावं, हे शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांना पटणं शक्यच नव्हतं.

नवी गाडी दारात आली तेव्हा त्यांची छाती अशी फुगली की स्वतःच शिवलेल्या सदऱ्याची बटणं कुरकुरली. गाडी होतीच तशी. उंच, रुंद, रुसलेल्या जावयासारखी नाक वर करून उभी! फक्त मास्तरांच्या आईचा पाय तिच्यात पोचत नव्हता. आणि गाडी तर मुळात आईला पुढच्या सीटवर बसवून मावशीच्या दारात न्यायला घेतलेली. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिच्या मुलाच्या गाडीचं कौतुक आईने वर्षानुवर्षं मान डोलवत ऐकलं होतं. आता ऐकवायची पाळी तिची होती.

मास्तर म्हणाले, मी उचलून बसवतो. आईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"मी काय कापडाचा तागा आहे?"

मग पायरीचा शोध सुरू झाला. दुकानदाराने गोल नळीची दाखवली. ती मास्तरांना निसरडी वाटली. दार उघडताच आपोआप बाहेर येणारी दाखवली. ती आईला दचकवेल, म्हणून बाद. शेवटी त्याने रुंद, सपाट पट्टीची काढली आणि म्हणाला की ही सगळ्यांना बसते. तिथेच तो चुकला. सगळ्यांना बसतं ते कुणालाच नीट बसत नाही, हे मास्तरांचं तत्त्व होतं. पायरी मापानेच बनवून घ्यायची ठरली.

माप अर्थातच आईचं. पायरी म्हटलं की ती नकोच म्हणेल, म्हणून ब्लाउज शिवायचाय अशी थाप मारून मास्तरांनी टेप काढली आणि दंड वगैरे झाल्यावर हळूच गुडघ्याकडे वळले.

"ब्लाउज गुडघ्यापर्यंत येणार आहे का रे?" आई म्हणाली.

मास्तरांनी हल्लीच्या फॅशनवर काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. पण आईच्या मनात पाल चुकचुकली. पोरगा आपल्यासाठी कुबड्या करून घेतोय! झालं. आपण किती धडधाकट आहोत हे दाखवायला ती स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू लागली. कुणी मागितले नव्हते तरी. गच्चीचा जिना उगाचच चढू-उतरू लागली. आठवड्याभरात गुडघे असे सुजले की पाय आधी उचलायचा तितकाही उचलेना.

मास्तरांनी नव्याने माप घेतलं, पायरी आणखी खाली आणली, आणि वर शिवणीत सोडतात तसा सवयीप्रमाणे दाब सोडला, म्हणजे पायरी अजून चार बोटं खाली. उद्या गुडघे आणखी दुखले तर? कपडा जास्त असला तर दुमडता येतो, कमी पडला की संपलं.

"लोखंड दुमडणार कसं?" बायकोने विचारलं.

तिला शिवणातलं काय कळतं, असं मास्तर मनातल्या मनात म्हणाले. मोठ्याने म्हणण्याची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

गाडीच्या दोन्ही बाजूंना पायरी बसली आणि आईला सगळा उलगडा झाला. कुबड्या नाहीत म्हटल्यावर ती अर्धी तिथेच बरी झाली. मावशीकडे निघायच्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसून पायरीवर पाऊल ठेवलं आणि कुणाचाही हात न धरता आत जाऊन बसली, जणू जन्म गाड्यांतच गेला. मास्तरांना वाटलं, आपण आजवर जे शिवलं ते सगळं या एका पायरीपुढे फिकं.

मावशीचं घर आलं. घराच्या अलीकडे एक चांगला पोट सुटलेला गतिरोधक होता. पुढची चाकं तो ओलांडून गेली आणि खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. पायरी गतिरोधकावर टेकली. दोन्ही बाजूंनी. गाडी ना पुढे जाईना, ना मागे येईना.

वजन कमी करायला बायको उतरली, मास्तर उतरले. आई उतरेना. दारात नेतो म्हणाला होतास, दार ते तिकडे आहे, असं तिने काचेतून बोटाने दाखवलं.

गोंगाट ऐकून मावशी बाहेर आली. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आईने मात्र दार उघडलं, पायरीवर पाय टेकवला आणि सावकाश, एकटी, रुबाबात खाली उतरली.

मावशी बघतच राहिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "आमच्या गाडीत मला एक जण ढकलतो नि एक ओढतो गं."

"माझ्या मुलाने मापाची करून घेतलीय," आई म्हणाली. "बसून बघ."

मावशी पायरीवर बसली. शेजारी आई बसली. चारही गुडघे सुखात. दोघींच्या गप्पा रंगल्या, चहाही तिथेच आला, आणि मागे अडकलेल्या गाड्यांचे भोंगे मास्तरांना टाळ्यांसारखे वाटू लागले. ते अभिमानाने बायकोकडे वळले.

बायकोने दोघी बहिणींकडे पाहिलं, अडकलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "बाकच हवा होता, तर त्याच्यावर एवढी मोठी गाडी कशाला जोडलीत?"