बापूची जीभ

बापू चौगुले सर्किटची प्लेट हातात आली की आधी ती चाटायचा आणि मग बघायचा.

आमच्या उद्यमनगरातल्या कारखान्यात व्होल्टेज स्टॅबिलायझर बनत. बापू आणि मी एकाच वर्षी डिप्लोमा झालो, एकाच दिवशी नोकरीला लागलो आणि शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. फरक एवढाच, की काही अडलं की सगळे "बापूला बोलवा" म्हणायचे. मला कोणी बोलवत नसे. मी आपला उठून जायचो.

प्लेटवर तांब्याचे बारीक ठिपके असतात, त्यांना पॅड म्हणतात. वितळलेलं सोल्डर, म्हणजे जोड द्यायचा मऊ धातू, त्यावर पसरायला हवं. कधी कधी ते पसरत नाही, अळूच्या पानावरच्या थेंबासारखं गोळा होऊन बसतं. असं झालं की बापू जीभ लावी.

"खारट हाय! कुणी धरली रं घामाच्या हातानं?" किंवा "आंबट लागतंय. ॲसिड धुतलंच न्हाय की!" आणि वर छाती ठोकून, "वैद्याला नाडी, बापूला जीभ!" हे वाक्य त्यानं पोस्टमनलासुद्धा ऐकवलं होतं.

कुणी नसताना मीही एकदा चाटून पाहिली. मला नुसतं तांबं लागलं. घरी बायकोला म्हणालो, "सोंगाड्या आहे नुसता." ती म्हणाली, "पण बोलतात किती छान हो!" त्या रात्री मी जेवलो नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल, पण आमटी काही गोड लागली नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर मालकांनी सांगितलं, वरच्या मजल्यावर नवा विभाग काढतोय. तुम्हा दोघांतला एक त्याचा प्रमुख. हातातली ही दिवाळीची ऑर्डर कोण नीट काढतोय ते बघतो.

आणि नेमकं प्लेटांच्या नव्या गठ्ठ्यावर सोल्डर बसेना. जिकडेतिकडे मणीच मणी. मी सोल्डरिंगचं आयर्न जास्त तापवलं, तर पॅडच उचकटून आलं. सोल्डरचं रीळ बदललं, सोल्डर धरावं म्हणून लावतात ती राळ बदलली. बापू शेजारी शीळ घालत होता. शेवटी त्यानं एक प्लेट उचलली, चाटली, आणि गप्प झाला. बापू गप्प झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

"काय लागलं?"

"काय न्हाय."

"बापू, खरं सांग."

त्यानं मला खिडकीपाशी ओढलं. "वरडू नको, कुलकर्ण्या. गोड लागतंय. नारळाचं पाणी हाय ह्ये."

तेव्हा मला आठवलं. खंडेनवमीला मालकांच्या आई हत्यारांची पूजा करायला मागच्या घरातून कारखान्यात आल्या होत्या. आम्ही त्यांना आईसाहेब म्हणायचो. नारळ फोडून त्यांनी यंत्रांवर पाणी शिंपडलं, आणि बरकत यावी म्हणून नव्या प्लेटांवरही. ते वाळून तांबं काळवंडलं होतं. "आई, कारखान्यात लुडबूड नको," असं मालक त्यांना एरवीही सगळ्यांदेखत म्हणायचे. हे कळलं असतं तर त्यांचं कारखान्यात येणंच बंद झालं असतं.

"खोडरबर घे, घासाय लाग," बापू म्हणाला. "मागनं स्पिरिटनं पुसू."

"आणि मालकांना काय सांगायचं?"

"त्ये माझ्याकडं लागलं."

आम्ही घासलं, पुसलं, ताजी राळ लावली. सोल्डर पाण्यासारखं पसरलं. संध्याकाळी मालक आले, पॅड उचकटलेली प्लेट त्यांनी उचलली. "माल खराब कुणामुळं झाला?"

"माझ्यामुळं," बापू म्हणाला. "शहाळं पीत हुतो, सांडलं."

"शहाळं? कारखाना हाय का रंकाळ्याची चौपाटी, चौगुले?"

सगळे खदखदून हसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बापूनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तो मालक जाईपर्यंत काढला नाही.

नवा विभाग मला मिळाला.

पहिल्याच दुपारी वरच्या खिडकीतून खाली अंगणात पाहिलं. बापू पायरीवर बसला होता. त्याला घरचं कोणी नव्हतं. खोलीचं कुलूप तोच लावायचा आणि तोच काढायचा. आईसाहेब झाकलेली ताटली घेऊन उभ्या होत्या.

"जेवलास का रं?"

"व्हय आई."

"खानावळीतलं ना? त्ये काय जेवण हाय? धर."

साऱ्या उद्यमनगराला ऐकू जाईल असं बोलणारा तो माणूस मान खाली घालून, एक शब्द न बोलता जेवत होता. त्या त्याच्यासमोर उभ्या राहून माशा वारत होत्या.

माझ्या घरी बायको होती, दोन मुलं होती, आई होती. डबा अजून गरम होता. हवी ती खुर्ची माझ्या बुडाखाली होती. सांगायला लाज वाटते, पण मी तो डबा न उघडता खिडकीतच उभा राहिलो, आणि मला बापूचा हेवा वाटत राहिला.